जागा आहे का?

माझ्या धाकट्या बहिणीने वेब होस्टिंगचा धंदा काढला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि तो धंदा नेमका काय आहे हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. तिने जेवणाच्या टेबलावर ट्रे आणि वाट्या मांडून आम्हाला समजावलं.

"हा ट्रे म्हणजे सर्व्हर. दूर कुठल्यातरी थंड खोलीत असतो. त्यातला एक हिस्सा मी भाड्याने घेणार, आणि त्याचे असे तुकडे करून एकेका दुकानदाराला त्याची साइट ठेवायला देणार."

"म्हणजे पोटभाडेकरू," आई म्हणाली. "मूळ मालकाला चालतं का हे?"

"चालतं. तो धंदाच तसा आहे."

बाबा भूगोलाचे शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. मुलांना फळ्यापाशी उभं करून प्रश्न विचारायची सवय अजून गेली नव्हती. "मोठ्या कंपन्या हेच तुझ्याहून स्वस्तात देतात," ते म्हणाले. "मग कोणता शहाणा तुझ्याकडे येईल?"

"जो त्यांना फोन करकरून थकलाय तो. तिथे फोनवर नुसतं संगीत वाजतं. मी फोन उचलीन."

"आणि परीक्षेच्या वेळी?"

"परीक्षेच्या वेळी तुम्ही उचला."

बाबांनी चष्मा काढून पुसला. विचार करायला वेळ हवा असला की ते चष्मा पुसत. "एक वर्ष," ते म्हणाले. "खर्च वजा जाता काही उरलं, तर पुढे. नाहीतर शेठजी, मुकाट्याने अभ्यास."

त्या दिवसापासून ती घरात शेठ झाली. अल्पवयीन असल्यामुळे सर्व्हरचा करार बाबांच्या नावावर झाला. होस्टिंगला आपल्या भाषेत काय म्हणायचं, असं तिने मला विचारलं, कारण मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते आणि शब्द हे माझं खातं समजलं जातं. मी दोन-तीन जड शब्द सुचवले. बाबा म्हणाले, "जागा म्हण. माणसं काय शोधत असतात? जागाच." तिच्या साइटवर मग एकच ओळ लागली: छोट्या दुकानांसाठी इंटरनेटवर जागा.

पहिली साइट बाबांचीच होती. ते गॅलरीतून रोज ढगांचा फोटो काढत आणि खाली एक ओळ लिहीत. त्यानंतर मोटार ट्रेनिंग स्कूलवाले काका आले, मग प्राण्यांची डॉक्टर, मग फोटोंना चौकटी करून देणारा एक अबोल गृहस्थ, आणि त्यांनी सांगितलं म्हणून आणखी काही जण. फोन खरंच उचलला जात होता. शेठ शाळेत असली की बाबा उचलत, सगळं ऐकून घेत आणि गंभीर आवाजात म्हणत, "तुमची तक्रार आमच्या तांत्रिक विभागाकडे पोचवतो." तांत्रिक विभाग संध्याकाळी दप्तर टाकून कामाला बसे.

"नफा चिमणीच्या चोचीत मावेल एवढा," बाबा सांगत. "पण चिमणी आपली आहे."

वर्ष पुरं व्हायच्या आत बाबा गॅलरीत पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा ते झोपलेले होते, आणि तसेच राहिले. पुढच्या खोलीचं दार रुंद होतं, म्हणून पलंग तिथेच मांडावा लागला. शेठचं टेबलही त्याच खोलीत होतं. ते हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी रजा काढून, मुद्रितांचे गठ्ठे घेऊन राहायला आले. आई नळीतून त्यांना भरवी. मी कूस बदलायला मदत करी. शेठ शाळेतून आली की पलंगाशेजारी बसून काम करी आणि आलेली प्रत्येक ईमेल त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, बोलत राहा म्हणून.

"जाग येईल का?" आईने विचारलं होतं.

"डोळे उघडतीलही एखादवेळी," डॉक्टर म्हणाले. "पण त्याला जाग म्हणायचं की नाही, हे मला सांगता यायचं नाही."

तो पहिला निरोप एका दुपारी आला. पडद्यांमधून ऊन बाबांच्या पांघरुणावर पडलं होतं आणि मी इयत्ता चौथीच्या पुस्तकातल्या वेलांट्या तपासत होते.

"बाबा, गिऱ्हाईक आलं," शेठ म्हणाली. "नाव नाही, गाव नाही. एकच ओळ आहे. 'जागा आहे का?'" तिने टाइप केलं आणि टाइप करता करता वाचलं, "'हो, जागा आहे. आपली कोणती साइट?' पाठवलं."

बाबांनी डोळे उघडले.

त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग हळूच मान वळवून शेठकडे. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांनी तिच्या मनगटाभोवती बोटं मिटली. चहाला आधण यावं एवढा वेळ ते आमच्यात होते, मग पापण्या मिटल्या.

आम्ही तिघी रडलो आणि हसलो. आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "धंद्याचं नाव काढल्यावर उठले! मी म्हटलंच होतं, दादा मुळात व्यापारी."

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं नाही. काही दिवसांनी तीच ओळ पुन्हा आली. जागा आहे का? शेठने पुन्हा कळवलं की आहे. बाबांनी पुन्हा डोळे उघडले. या वेळी त्यांचे ओठ हलले. आईला वाटलं ते तिला हाक मारतायत, मला वाटलं ते पाणी मागतायत.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, शेठच्या आवाजातला उत्साह त्यांच्यापर्यंत पोचत असेल. मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचं होतं असंही असेल.

मग एकदा मी आणि आई चादर बदलत होतो. शेठ शाळेत होती. खोलीत कुणी काही वाचत नव्हतं. बाबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ उघडे ठेवले. शेठ घरी आली, आम्ही सांगितलं, तेव्हा तिने दप्तरही खांद्यावरून काढलं नाही.

"मधल्या सुट्टीत तो निरोप आला होता," ती म्हणाली. "मी फोनवरूनच उत्तर दिलं. जागा आहे म्हणून."

मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, ते माझ्या सर्व्हरबद्दल विचारत नाहीयेत."

मी धंद्याने मुद्रितशोधक. एका शब्दाचे दोन अर्थ होतात आणि वाचणारा त्यातला नको तो उचलतो, हे मी रोज बघते. 'जागा' म्हणजे ठिकाण. 'जागा' म्हणजे झोपेत नसलेला. तरी मी तिला म्हटलं, "तसं असतं तर 'जागे आहेत का' असं विचारलं असतं. बाबांना कोण अरे-तुरे करणार?"

बोलून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला. आत्या धाकटी, ती त्यांना 'अहो दादा' म्हणायची. त्यांचे आईवडील, काका, शाळेतले सोबती, सगळे कधीच गेलेले होते. बाबांना 'तो' म्हणेल असं माणूस जगात उरलं नव्हतं.

शेठने निरोप कुठून येतो ते शोधलं. साइटवर चौकशीचा एक छोटा फॉर्म होता. तो कुठल्या यंत्रावरून भरला, याची नोंद राहते. तिने ती नोंद मला दाखवली.

"हा पत्ता कुणाचा?" मी विचारलं.

"सर्व्हरचाच. म्हणजे बाहेरून कुणी विचारत नाहीये." तिने पत्त्यावर बोट ठेवलं. "आतून विचारतंय."

तिला आणखी एक गोष्ट सापडली होती. सर्व्हरवर एक फोल्डर तयार झाला होता. त्याला नाव नव्हतं. उघडला तर आत काही नव्हतं, आणि तरी तो जागा खात होता. आम्ही 'जागा आहे' असं कळवलं की तो वाढे. पुसायला गेलं तर पुसला जात नव्हता. तिने सर्व्हरच्या कंपनीला लिहिलं. त्यांच्याकडून आलेलं उत्तर नम्र होतं: तुमच्या हिश्श्यात असा कोणताही फोल्डर दिसत नाही.

"मग जागा कोण खातंय?" आईने विचारलं.

"त्यांच्या मते आपणच."

मोटार ट्रेनिंगवाल्या काकांचा फोन आला. "पोरी, तुझी साइट माझ्या गाड्यांपेक्षा जास्त बंद पडायला लागली. नवीन फोटोच चढत नाहीत. काय, क्लच गेला का?"

"भरत आलंय, काका. बघते."

मोठा हिस्सा घ्यायचा तर चिमणीच्या चोचीतलं तेवढंही उरलं नसतं. शिवाय करारात बदल करायला बाबांची सही लागणार होती. त्यातच परत ती ओळ आली. जागा आहे का? सर्व्हर त्या क्षणी काठोकाठ होता. शेठने तरीही लिहिलं, हो, जागा आहे. आम्ही तिघी पलंगाभोवती उभ्या राहिलो. बाबांचा श्वास एका लयीत चालू होता. पापणीसुद्धा हलली नाही.

"खोटं चालत नाही," शेठ म्हणाली.

तिने लगेच खुर्ची ओढली आणि चौकटीवाल्या गृहस्थांना फोन लावला. मी तिला इतकं मोठं झालेलं याआधी पाहिलं नव्हतं. "मला तुमची साइट दुसरीकडे हलवायची आहे. हो, चांगल्या कंपनीकडे. सगळं मी करून देते, तुम्हाला काही करावं लागणार नाही. नाही, तुमचं काही चुकलं नाही. मला जागा हवी आहे." साइट हलली, तेवढी जागा मोकळी झाली. तिने लिहिलं, जागा आहे. आणि बाबांनी डोळे उघडले.

त्यानंतर ती एकेका गिऱ्हाइकाला निरोप देत गेली. प्राण्यांची डॉक्टर नाराज झाली. "तू फोन उचलतेस म्हणून तर तुझ्याकडे आले होते. आता त्या संगीतवाल्यांकडे पाठवतेस?" काका सगळ्यात शेवटी गेले. ते घरी आले, बाबांच्या पायांशी जरा वेळ उभे राहिले आणि शेठच्या डोक्यावर थोपटून म्हणाले, "धंदा नंतरही होतो गं. तुला गाडी मी फुकट शिकवीन."

दार लावून ती टेबलाशी आली. तिचा धंदा संपला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की एक दुकान गेलं की बाबा एकदा उठतात.

पण आई बघत होती. आई त्यांच्या चेहऱ्याशी सगळ्यांत जवळ बसे.

"हे आता आपल्याकडे बघत नाहीत," ती एकदा मला भांडी पुसता पुसता म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिल्यांदा पाहिलं होतं. आता डोळे उघडले की आपल्या मागे बघतात. पलंग आणि खिडकीच्या मधे. तिथे कुणी उभं असावं ना, तसं." तिने पेला फडताळात उलटा ठेवला. "आणि दमतात गं. गाढ झोपलेल्या माणसाला आपण गदागदा हलवून उठवतोय, आणि कुणासाठी उठवतोय तेही माहीत नाही. दाराशी येऊन कुणी विचारलं, अमका जागा आहे का, तर आधी आपण कोण, असं विचारायला नको? आपण आपलं हो, हो म्हणत बसलोय."

"शेठने विचारलं. प्रत्येक वेळी विचारलं. उत्तर येत नाही."

"मग तेच उत्तर," आई म्हणाली.

शेवटचा निरोप आला तेव्हाही दुपारच होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सर्व्हरवर आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, तो बिननावाचा फोल्डर आणि बाबांचे ढग. शेठने ढग आधीच एका ड्राइव्हवर उतरवून ठेवले होते.

"हे काढते," ती म्हणाली. "मग जागा होईल."

"नको," आई म्हणाली.

"आई, फोटो कुठे जात नाहीत. माझ्याकडे आहेत सगळे."

"माहीत आहे. तरी नको. ते असू देत तिथे. आणि लिही, जागा नाही."

शेठने हात टेबलावरून उचलून मांडीखाली घेतले, लहानपणी औषध नको असलं की घ्यायची तसे. "मी नाही लिहिणार."

आई माझ्याकडे वळली. "मग तू?"

मी मान हलवली. मला ते दोन शब्द लिहिता आले नसते.

आईने पदराला हात पुसले. ती खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच वाकली. कळफलकावरचं एकेक अक्षर तिने तर्जनीने शोधलं. मधेच तिने आमच्याकडे न बघता विचारलं, "काना कुठे आहे?"

शेठने रडत रडत बोट दाखवलं.

जागा नाही.

आई पलंगाशी गेली. तिने बाबांच्या कपाळावरचे केस मागे सारले. "झोपा आता," ती म्हणाली. "कुणी उठवणार नाही."

त्यांचा श्वास आला, गेला.

मग थोडा उशिरा आला.

मग आला नाही.

खोलीत काहीही बदललं नाही. ऊन होतं तिथेच होतं. संगणकाचा पंखा फिरत होता. फक्त पलंग आणि खिडकीच्या मधला पडदा, वारा नसताना, कुणी बाजूने निघून जावं तसा हलला, असं शेठ म्हणते. मी बाबांकडे बघत होते. मी पाहिलं नाही.

करार बाबांच्या नावावर असल्यामुळे तो त्यांच्याबरोबर संपला. कंपनीने ठरल्या तारखेला सर्व्हर बंद केला. शेठची साइट गेली, चौकशीचा फॉर्म गेला, ढगही गेले. शेठ पुन्हा अभ्यासाला लागली. धंद्यात काही उरलं का, असं मी तिला एकदा विचारलं, बाबांनी विचारलं असतं म्हणून. ती म्हणाली, "फोन उचलला तर गिऱ्हाईक येतं, ताई. हे खरं आहे. कुणीही येतं."

मी रजा वाढवून घेतली. आई ठीक होती. ती जेवत होती, आल्यागेल्याशी बोलत होती. दुपारी मात्र ती हल्ली पुढच्या खोलीत, त्याच पलंगावर आडवी व्हायची. आम्ही तिला अडवलं नाही. शेठचं टेबल आम्ही मधल्या खोलीत आणलं होतं. एका दुपारी मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मुद्रितं बघत होते. शेठ एकदम थांबली. तिने माझ्या बाहीला हात लावला आणि काही न बोलता संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

बंद पडलेल्या साइटच्या पत्त्यावरून निरोप आला होता. एकच ओळ, पाठवणाऱ्याचं नाव नाही.

जागी आहे का?

मुद्रित वाचावं तसं मी ते वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. ती वेलांटी चुकून पडली असेल असं मला मनापासून वाटून घ्यायचं होतं. पण चूक नव्हती. आता त्या शब्दाला दुसरा अर्थ उरला नव्हता.

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने संगणक अलगद मिटला. आम्ही दोघींनीही ती ओळ मोठ्याने वाचली नव्हती, तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढच्या खोलीतून आईचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा, जरासा लाजल्यासारखा.

"हो, जागीच आहे मी. उभे का? बसा ना."